थांबलेल्या गाडीतील रात्र

महामार्गावर अडकून पडणाऱ्या ट्रकचालकांच्या आरोग्याविषयी

पनवेलहून दक्षिणेकडे निघालेला मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळ्याची खिंड ओलांडून पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड अशी गावे जोडीत पोलादपूरपाशी कशेडी घाटाच्या पायथ्याला पोहोचतो. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील कंटेनर, थळच्या कारखान्यातील खत, डोलवीचे पोलाद, रोहा व महाड येथील औद्योगिक वसाहतींतील रसायने, तसेच कोकणातील घराघरांत पोहोचणारे धान्य, सिमेंट आणि गॅस सिलिंडर यांचा मोठा भाग ट्रकांवरूनच येतो-जातो. हा माल वेळेवर आला नाही की आपण अस्वस्थ होतो. परंतु तो घेऊन येणारा माणूस वाटेत कोठे अडकला, रात्री कोठे झोपला, काय प्यायला, याची चौकशी करण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही.

यंदाच्या अहवालातील या लेखासाठी हा विषय मुद्दाम निवडला आहे. महामार्गालगतच्या कोणत्याही रुग्णालयात अपघाताचे रुग्ण येतात, त्यांची नोंद होते आणि त्यांच्याविषयी बोललेही जाते. मात्र गाडी जागच्या जागी उभी असताना चालकाच्या शरीरावर जे परिणाम होतात, त्यांची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. गाडी थांबली म्हणजे चालकाला आपोआप विश्रांती मिळाली, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा आहे, आणि त्यातून उद्भवणारे धोके थोड्याशा काळजीने टाळता येण्यासारखे आहेत, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

रस्ता का अडतो?

रायगडच्या किनारपट्टीत वाहने अडून पडण्याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांतील बहुतेक चालकाच्या हातची नाहीत. पहिले कारण पावसाचे. सह्याद्रीची भिंत आणि समुद्र यांच्यामधील या चिंचोळ्या पट्ट्यात अल्पावधीत प्रचंड पाऊस कोसळतो. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या थोडेच अंतर कापून खाडीला मिळतात. त्याच वेळी समुद्राला मोठी भरती असेल तर पुराच्या पाण्याला उतरण्यास वाव राहत नाही आणि रस्ते पाण्याखाली जातात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. यांपैकी दासगाव हे महामार्गालगतचेच गाव. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्याही प्रवाशांसह नदीत गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले आणि त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळून एक वाडी गाडली गेली. अशा प्रसंगी बातम्यांत गावांची नावे येतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच रात्री महामार्गावर जागच्या जागी थांबलेल्या वाहनांत शेकडो माणसे उपाशीतापाशी बसलेली असतात.

दुसरे कारण माणसाने निर्माण केलेले. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. खणलेला रस्ता, वळविलेली वाहतूक आणि एखादा उलटलेला टँकर एवढे जमून आले की तासन्‌तास कोंडी होते. रसायनाचा वा गॅसचा टँकर उलटल्यास तो सुरक्षितपणे रिकामा होईपर्यंत दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवावीच लागते. गणेशोत्सवात चाकरमान्यांना सुखरूप गावी पोहोचता यावे म्हणून १६ टन व त्याहून अधिक वजनाच्या वाहनांना काही दिवस या महामार्गावर बंदी घालण्यात येते. दूध, इंधन, औषधे अशा जीवनावश्यक वस्तूंना सूट असते. ही बंदी आवश्यकच आहे. पण घरी गणपती बसलेला असताना परमुलखात कडेला गाडी लावून बसलेला चालकही कोणाचा तरी चाकरमानीच असतो.

तिसरे कारण बंदराचे. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि आज देशातील प्रमुख बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा जवळपास निम्मा भाग तेथून होतो. एवढ्या मोठ्या व्यवहारात कोठेही खंड पडला की त्याची शेपटी रस्त्यावर उमटते. जून २०१७ मध्ये डेन्मार्कच्या एका जहाज कंपनीच्या संगणक यंत्रणेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिच्या जगभरच्या टर्मिनलांबरोबर येथील एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले आणि उरण परिसरात कंटेनरवाहू गाड्यांचा खोळंबा झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली त्या रात्री तर देशभरातील ट्रक होते तेथेच थांबले. मालवाहतुकीला लवकरच परवानगी मिळाली. महामार्गावरील ढाबे व ट्रकदुरुस्तीची दुकाने उघडण्यास मात्र एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे गाडीला वाट मोकळी झाली, पण गाडीतल्या माणसाला जेवण नव्हते.

थांबणे म्हणजे विसावा नव्हे

अडकलेल्या रात्री चालक खरोखर काय करतो, हे डोळ्यांसमोर आणून पाहावे. रांग केव्हाही चार हात पुढे सरकेल म्हणून तो चाकामागेच बसून राहतो. मागच्याचा भोंगा वाजला की दचकून जागा होतो. टाकीतले डिझेल आणि ताडपत्रीखालचा माल चोरीला जाईल या चिंतेने त्याचा एक कान सतत बाहेर असतो. सोबत क्लिनर असला तर पाळीपाळीने आडवे होता येते. तो नसला तर तेही नाही. सहा-सात तास गेले तरी सलग तासाभराची झोप झालेली नसते.

कायद्याची भाषाही या बाबतीत थोडी अपुरीच राहिली होती. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तासांचे काम, सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची मोकळीक, असे नियम घालून दिले होते. मात्र त्यातील कामाच्या तासांच्या व्याख्येत थांब्यावरील नुसत्या हजेरीचा काळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच मोजला जाई. त्याहून अधिक थांबणे हे काम नव्हेच, असा त्याचा अर्थ होत असे. शरीर मात्र अशी वजाबाकी करीत नाही.

बसून झोपण्याचा धोका

केबिनमध्ये आडवे होण्यास जागा नसेल किंवा ती मालाच्या पिशव्यांनी भरलेली असेल, तर चालक आसनावरच मान टाकून झोपतो. पाय खाली लोंबकळलेले, गुडघे वाकलेले आणि आसनाची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतलेली. अशा स्थितीत कित्येक तास गेले की पायांतील रक्ताचा प्रवाह मंदावतो आणि पोटरीच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. ही गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली तर काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट फार पूर्वी उमगली. १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांच्या काळात लंडनमधील लोक रात्र रात्र आश्रयस्थानांत आरामखुर्च्यांवर बसून झोप घेत. तेथे फुप्फुसातील गुठळीने होणारे मृत्यू एकाएकी वाढल्याचे डॉ. कीथ सिम्प्सन यांनी निदर्शनास आणले, आणि लोकांना आडवे होता येईल अशी सोय करणे हाच त्यावरील उपाय ठरला. जपानमध्ये ऑक्टोबर २००४ च्या निगाता भूकंपानंतर व एप्रिल २०१६ च्या कुमामोतो भूकंपानंतर घरी जाण्याच्या भीतीने मोटारीतच रात्री काढणाऱ्या लोकांमध्येही हाच विकार दिसून आला. लंडनची खुर्ची, जपानची मोटार आणि वडखळच्या रांगेतील ट्रकचे आसन, शरीराच्या दृष्टीने यांत फारसा फरक नाही.

उपाय साधे आहेत. केबिनमधील आडवी फळी मोकळी ठेवावी व शक्य तेवढा वेळ पाठ टेकून पाय पसरावेत. ते शक्य नसेल तर दर दीड-दोन तासांनी खाली उतरून गाडीच्या सुरक्षित बाजूने पाच मिनिटे चालावे. बसल्या जागी टाचा व चवडे आळीपाळीने उचलावेत. एकाच पायाला सूज येणे, पोटरी दुखणे वा गरम लागणे आणि त्यानंतर एकाएकी दम लागणे किंवा छातीत कळ येणे, ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा.

बंद काच आणि न दिसणारा वायू

पाऊस आत येऊ नये, डास चावू नयेत म्हणून काचा पूर्ण बंद करणे आणि आतच छोट्या शेगडीवर चहा-भात करणे, किंवा इंजिन चालू ठेवून झोपणे, ही सवय अतिशय घातक आहे. अपुऱ्या हवेत कोणतेही इंधन जळले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्तातून शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. डोके जड होणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची प्रारंभीची लक्षणे. पण दिवसभर गाडी चालविलेला माणूस तिला थकवाच समजतो आणि झोपी जातो. अशा झोपेतून तो जागा होईलच असे नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांची चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे. हे स्वागतार्ह पाऊल आहे. तथापि रस्त्यावरचे जुने ट्रक अजून अनेक वर्षे धावणार आहेत, आणि वातानुकूलन चालू ठेवून रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीचा धूरनळा फुटका असेल वा चिखलात-पाण्यात बुडलेला असेल तर धूर आतही येऊ शकतो. म्हणून इंजिन बंद करून झोपावे, दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर तरी उघड्या ठेवाव्यात, त्यांवर मच्छरदाणीचे कापड लावावे, आणि चूल केबिनबाहेरच पेटवावी. टँकर उभे असतील तेथे तर बाहेरही आग पेटवू नये. केबिनमध्ये कोणी बेशुद्ध आढळल्यास आधी दोन्ही दारे उघडून त्यास मोकळ्या हवेत आणावे व लगेच मदत मागवावी.

पाणी टाळण्याची सवय

कोंडीत लघवीला जाण्याची सोय नसते, म्हणून पुष्कळ चालक पाणी पिणेच टाळतात. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम येतो पण तो वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. एप्रिल-मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावरच्या ऑक्टोबरात पत्र्याची केबिन दुपारभर तापते व रात्री उशिरापर्यंत धग सोडते. अशा वेळी पाणी टाळल्यास मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मुतखडा आणि उष्माघात यांना आमंत्रण मिळते; शिवाय रक्त दाट होऊन वर सांगितलेल्या गुठळीचा धोकाही वाढतो. लघवी गडद पिवळी होणे ही शरीराने दिलेली पहिली सूचना होय.

गाडीत किमान दहा लिटर पिण्याचे पाणी नेहमी भरलेले असावे. घाम फार गेला असेल किंवा जुलाब होत असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. भाजलेले शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, फुटाणे, खजूर हे न नासणारे खाणे एका डब्यात बाजूला ठेवलेले असावे. तंबाखू आणि चहा यांनी भूक मरते, भागत नाही. मद्यामुळे झोप लागल्यासारखी वाटली तरी ती गाढ नसते, आणि सकाळी गाडी सुरू करताना त्याचा अंश रक्तात उरलेला असू शकतो.

गाडीखालची पथारी

केबिनमध्ये उकडते म्हणून गाडीच्या खाली किंवा कडेच्या गवतात अंथरूण टाकणारेही थोडे नाहीत. यात पहिला धोका गाडीचाच. रांग सरकली आणि आपल्या किंवा शेजारच्या गाडीच्या चालकाला खाली कोणी झोपले आहे हे ठाऊक नसले, तर अनर्थ ओढवतो. उतारावर उभ्या गाडीचा हँडब्रेक सुटू शकतो. म्हणून चाकांना दगड वा लाकडी ठोकळे लावावेत, पण तेवढ्यावर विसंबून गाडीखाली मात्र कधीच झोपू नये.

दुसरा धोका जमिनीवरच्या जिवांचा. कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. त्यांपैकी मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दंशाची खूण बहुधा दिसतही नाही आणि वेदनाही फारशी होत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होऊन मिटणे, गिळता न येणे, श्वास अपुरा पडणे अशी लक्षणे सुरू होतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी असे काही झाल्यास खूण शोधीत न बसता सर्पदंश गृहीत धरूनच रुग्णालय गाठावे. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे हे प्रकार करू नयेत. दंश झालेला अवयव हलवू न देता रुग्णास शांत ठेवून नेणे, एवढेच करावयाचे असते.

विंचवाच्या बाबतीत तर आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा असे कार्य घडले आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर परिणाम होऊन पूर्वी अनेक रुग्ण दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागातील तुटपुंज्या साधनांत रात्रंदिवस रुग्णांची निरीक्षणे करून १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. या उपचारामुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. मात्र औषध वेळेवर मिळाले तरच उपयोगी. दंशानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे वा दम लागणे असे झाल्यास दुखणे कमी होण्याची वाट पाहू नये. सकाळी बूट घालण्यापूर्वी ते झटकून पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

कोठे थांबावे, केव्हा उतरावे

पावसाळ्यात थांबण्याची जागा निवडण्यास थोडाही वाव असेल तर डोंगर कापलेल्या बाजूला, ओढ्याच्या मोरीजवळ, पुलाच्या तोंडाशी किंवा खाडीकाठच्या सखल पट्ट्यात गाडी उभी करू नये. पेट्रोल पंप, मोठा ढाबा, टोलनाका किंवा बंदर परिसरातील अधिकृत वाहनतळ अशी उजेडाची व माणसांची जागा केव्हाही श्रेयस्कर. रस्त्यावर वाहत्या पाण्यात गाडी घालण्याचे धाडस करू नये. पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे की नाही हे वरून कळत नाही. दरडीची माती-दगड थोडे थोडे घरंगळू लागले किंवा पाणी चाकांच्या आसापर्यंत चढू लागले, तर गाडी आणि माल सोडून उंच जागेकडे जावे. मालाला विमा असतो, आणि तो गेला तरी पुन्हा भरता येतो.

पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल तर आणखी एक काळजी आवश्यक आहे. उंदीर-घुशींच्या व गुराढोरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या बारीकशा जखमेवाटेही लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या व अंग दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसतात. चालक तोपर्यंत दुसऱ्याच राज्यात पोहोचलेला असतो आणि तेथील डॉक्टरांना कोकणातील पुराची कल्पना नसते. म्हणून 'मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो' हे एक वाक्य त्याने आपण होऊन सांगणे जीवरक्षक ठरू शकते.

नेहमीची औषधे

मधुमेह व उच्च रक्तदाब हे विकार बैठ्या आणि अनियमित जीवनामुळे चालकांत वारंवार आढळतात. एका दिवसाच्या फेरीसाठी एकाच दिवसाच्या गोळ्या घेऊन निघालेला माणूस तीन दिवस अडकला की औषध तुटते. फेरी कितीही लहान असो, किमान एका आठवड्याची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेऊन जेवण मिळालेच नाही तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आल्यास तीन-चार चमचे साखर किंवा गूळ त्वरित खावा. इन्सुलिन काचेजवळ उन्हात ठेवू नये. ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवावे.

खरी परीक्षा सकाळी

कोंडी सुटते, पोलीस शिट्टी वाजवितात आणि रांग हलू लागते. सर्वांना हायसे वाटते. पण डॉक्टरांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची घटका हीच होय. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की, सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्याकडील कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के इतकी आहे. याचा अर्थ असा की, रात्रभर रांगेत जागलेला निर्व्यसनी चालक सकाळी कशेडीच्या वळणावर चढतो, तेव्हा त्याची अवस्था कायद्याने गाडी चालविण्यास अपात्र ठरणाऱ्या माणसासारखी असू शकते. त्याच्या श्वासाची तपासणी केली तर यंत्र मात्र शून्यच दाखवील.

म्हणून रांग सुटल्यावर पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन झोप पूर्ण करावी. ते जमत नसेल तर निदान वीस मिनिटांची डुलकी घ्यावी, आणि जागे झाल्यावर लगेच चाक हाती न घेता तोंडावर पाणी मारून पंधरा मिनिटे चालावे. डुलकीने काही काळ निभावते. झोपेची उणीव भरून निघते ती झोपेनेच.

घरच्यांसाठी व मालकांसाठी

रुग्णांच्या आणि चालकांच्या कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, अडकलेल्या माणसाला दूरध्वनी केल्यावर 'कधी पोहोचणार?' हा प्रश्न पहिला विचारू नये. त्याचे उत्तर त्याच्याजवळ नसते आणि प्रश्नाने त्याची घाई मात्र वाढते. 'पाणी आहे का, गोळी घेतली का, झोप झाली का?' असे विचारावे. निघताना त्याच्या पिशवीत औषधे, कोरडे खाणे, मच्छरदाणीचे कापड, विजेरी, रक्तगट व घरचा क्रमांक लिहिलेला कागद आणि आधार कार्डाची प्रत ठेवावी. गाडीमालकांनीही अडकलेल्या रात्रीची भरपाई दुसऱ्या दिवशीच्या वेगातून करून घेण्याचा आग्रह धरू नये. उशिरा पोहोचलेला माल ही थोड्या पैशांची हानी आहे. न पोहोचलेल्या चालकाची भरपाई नाही.

आपण काय करू शकतो?

रस्ता अपघातातील जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्र शासनाची विनारोख उपचार योजना लागू झाली असून, तीत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. परंतु उभ्या गाडीत छातीत दुखू लागलेला, सर्पदंश झालेला किंवा उन्हाने कोसळलेला चालक हा अपघातग्रस्त नसतो. तो परगावचा असतो, त्याच्याजवळ शिधापत्रिका नसते, नातेवाईक दोन दिवसांच्या अंतरावर असतात. अशा रुग्णाचा भार उचलणे हे धर्मादाय रुग्णालयाचेच कर्तव्य ठरते. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम न मागता प्रथम उपचार करणे हेही त्यात अभिप्रेत आहे. मात्र हा निधी सर्वांना पुरेल एवढा नसतो. देणगीदारांचा हात लागतो तो येथेच.

सन्माननीय विश्वस्त व देणगीदार यांच्यापुढे काही सूचना नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. महामार्गालगतच्या ढाब्यांवर व पंपांवर पिण्याच्या पाण्याची टाकी आणि स्वच्छ शौचालय यांना देणगी देणे हे रुग्णालयाला दिलेल्या देणगीइतकेच आरोग्यकार्य आहे. त्याने उद्याचा रुग्ण कमी होतो. पावसाळ्यापूर्वी व गणेशोत्सवातील बंदीच्या दिवसांत थांबलेल्या चालकांचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासणारे एखादे फिरते पथक काढता येईल. ग्रामपंचायत, शाळा वा देवस्थान यांनी अडचणीच्या रात्री एखादे सभागृह उघडून दिले तर वीस-पंचवीस माणसांना पाठ टेकता येईल. १९४० मध्ये लंडनला जो उपाय सापडला, तो एवढाच होता.

पुराच्या वेळी आपली गावे आपसांत एकमेकांच्या मदतीला धावतात, याचा अनुभव या जिल्ह्याने वारंवार घेतला आहे. ही मदत गावाच्या वेशीपर्यंतच न थांबता महामार्गावर उभ्या असलेल्या अनोळखी गाडीपर्यंत पोहोचावी. पुढच्या पावसाळ्यात कधी रस्ता बंद झाला आणि दाराशी गाड्यांची रांग लागली, तर एखाद्या केबिनचे दार ठोठावून आतील माणसाला पाणी द्यावे आणि त्याची प्रकृती विचारावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने सर्वांना विनंती.